चिठ्ठी बदलते तेव्हा : नैराश्यावरील औषधांची लांब वाटचाल

नैराश्यावरील गोळ्यांबद्दल आपल्याकडे दोन समजुती घट्ट आहेत. एक म्हणजे, ही गोळी एकदा लागली की सुटत नाही. दुसरी म्हणजे, बरे वाटले की बंद करून टाकावी. दोन्ही समजुती एकमेकींच्या विरुद्ध वाटल्या, तरी उपचार म्हणजे एक गोळी आणि ती एकतर चालू नाहीतर बंद, असे दोघींनीही गृहीत धरलेले असते. प्रत्यक्षात नैराश्याचा उपचार महिन्यांचा आणि पुष्कळदा वर्षांचा असतो. त्यात मात्रा वाढते, औषध बदलते, जोडीला दुसरे येते, पुढे मात्रा उतरते, औषध थांबते आणि कधी पुन्हा सुरू होते. या वळणांबद्दल रुग्णाला आणि घरच्यांना फारच थोडे सांगितले जाते. या लेखात त्या वळणांचाच माग घेतला आहे.

मी डॉक्टर नाही. भाईंदर पश्चिमेला उत्तनकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे राई हे माझे गाव. एका औषधांच्या दुकानात मी बावीस वर्षे साठ्याची आणि उधारीची वही सांभाळली. त्या वहीमुळेच या विषयाकडे वळले. रक्तदाबाच्या गोळ्या नेणारी माणसे महिन्याच्या ठरलेल्या तारखेला येत. नैराश्याच्या गोळ्यांचे तसे नव्हते. पहिल्या महिन्यात चिठ्ठीप्रमाणे तीन पाकिटे, पुढे एक, मग ‘पाचच द्या’ आणि मग नाव दिसेनासे होई. काही महिन्यांनी तेच नाव नव्या चिठ्ठीवर, नव्या गोळीसह परत येई. मधल्या काळात काय घडले, हे वहीत नसे आणि बहुतेक वेळा डॉक्टरांच्या कागदांतही नसे. त्या मधल्या काळाविषयी जे प्रसिद्ध झाले आहे, ते मिळेल तसे वाचत गेले.

वर्षानुवर्षे चालणाऱ्या गोळ्या आल्या कुठून?

या औषधांचा उगम क्षयरोगाच्या वॉर्डात आहे. १९५२ साली न्यूयॉर्कजवळच्या स्टेटन आयलंडवरील सी व्ह्यू रुग्णालयात क्षयरोग्यांना इप्रोनियाझिड हे औषध दिले जात होते. अंथरुणाला खिळलेली माणसे ते घेतल्यावर उत्साही दिसू लागली, त्यांना भूक लागू लागली. पुढे १९५७ मध्ये नेथन क्लाइन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नैराश्याच्या रुग्णांवरील त्याच्या वापराची माहिती मांडली. त्याच वर्षी स्वित्झर्लंडमधील म्युन्स्टरलिंगेन येथील रोलंड कून यांचा इमिप्रामिनवरचा अहवाल प्रसिद्ध झाला. ते औषध मुळात स्किझोफ्रेनियासाठी तपासले जात होते. त्या आजारात त्याचा उपयोग झाला नाही, पण खिन्न रुग्ण सुधारले.

या गोष्टीचा तिसरा धागा मुंबईतून जातो. हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी सर्पगंधेच्या मुळीमुळे रक्तदाब उतरतो, हे १९४९ साली ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मधून जगापुढे ठेवले. त्या मुळीतून निघालेले रिसर्पिन घेणारे काही रुग्ण खिन्न होतात, असे पुढे दिसून आले. रिसर्पिनमुळे मेंदूतील सेरोटोनिन आणि नॉरअ‍ॅड्रिनॅलिन यांचे साठे रिकामे होतात, हेही कळले. या रसायनांच्या कमतरतेतून नैराश्य येते, या सिद्धान्ताला त्यातून बळ मिळाले. तो सिद्धान्त इतक्या सरळ रूपात आज पुरेसा मानला जात नाही. औषधे मात्र टिकली.

इमिप्रामिन, अमिट्रिप्टिलिन यांसारख्या जुन्या औषधांनी तोंड सुकते, बद्धकोष्ठ होते, उठताना चक्कर येते. जास्त प्रमाणात घेतली गेल्यास हृदयाची लय बिघडून जीव जाऊ शकतो. त्यामुळे ती बेताने आणि देखरेखीखाली द्यावी लागत. डिसेंबर १९८७ मध्ये अमेरिकेत फ्लुओक्सेटिनला मान्यता मिळाली आणि चित्र पालटले. वीस मिलिग्रॅमची एक कॅप्सूल, दिवसातून एकदा. जुन्या गोळ्यांपेक्षा सुरक्षित असल्याने साधे फॅमिली डॉक्टरही ती लिहून देऊ लागले आणि माणसे ती वर्षानुवर्षे घेऊ लागली. सर्ट्रालिन, पॅरॉक्सेटिन, एस्सिटालोप्रॅम ही त्याच कुळातली औषधे. भारताच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आज अमिट्रिप्टिलिन, फ्लुओक्सेटिन आणि एस्सिटालोप्रॅम आहेत. उपचार लांबला, तसा तो कधी आणि कसा बदलायचा हा प्रश्नही उभा राहिला.

पहिले दीड महिने

या औषधांची सर्वांत अवघड बाजू अशी की त्रास आधी येतो आणि गुण नंतर. मळमळ, डोकेदुखी, अस्वस्थता, झोपेतला बिघाड हे पहिल्या आठवड्यातच जाणवते. मन हलके होऊ लागायला साधारण दोन ते चार आठवडे जातात. ज्याला मुळातच कशावर भरवसा वाटेनासा झाला आहे, त्याला नेमके याच काळात भरवसा ठेवायला सांगितले जाते. म्हणून पहिल्या पंधरवड्यात डॉक्टरांची पुन्हा भेट महत्त्वाची असते. पंचवीस वर्षांखालील रुग्णांत सुरुवातीच्या काळात आत्महत्येचे विचार वाढू शकतात. तेव्हा त्यांच्याकडे घरच्यांचे लक्ष अधिक हवे.

याच टप्प्यावर आपल्याकडे एक गुंता होतो. झोप यावी आणि घालमेल कमी व्हावी म्हणून सुरुवातीला क्लोनाझेपाम दिले जाते. एस्सिटालोप्रॅम आणि क्लोनाझेपाम एकाच गोळीत असलेली पाकिटे बाजारात सर्रास मिळतात. क्लोनाझेपाम थोड्या आठवड्यांपुरते घ्यायचे असते, कारण त्याची सवय लागते. नैराश्याचे औषध मात्र महिनोन् महिने चालवायचे असते. दोन्ही एका गोळीत असली की एक थांबवून दुसरे चालू ठेवता येत नाही. दुकानात ‘झोपेची गोळी द्या’ म्हणून मागितली जाणारी गोळी अनेकदा हीच असे. ‘गोळी सुटत नाही’ ही समजूत काही अंशी या जोडगोळीतून आली असावी, असे मला वाटते.

गुण आला नाही तर

पुरेशी मात्रा चार आठवडे घेऊनही काहीच फरक नसेल, तर उपचाराचा फेरविचार करावा, असा सर्वसाधारण संकेत आहे. मात्रा वाढवणे, औषध बदलणे, जोडीला दुसरे औषध देणे आणि बोलण्यातून होणारा मानसोपचार सुरू करणे, असे चार मार्ग असतात. त्याआधी गोळी रोज घेतली जात होती का, थायरॉइडचा किंवा दारूचा प्रश्न आहे का, पूर्वी कधी अति-उत्साहाचा काळ येऊन गेला आहे का, हे विचारावे लागते. शेवटचा प्रश्न फार महत्त्वाचा. द्विध्रुवी विकार असेल, तर नुसत्या नैराश्याच्या गोळीने रुग्ण दुसऱ्या टोकाला जाऊ शकतो.

औषध बदलत गेल्यावर काय होते, याचा सर्वांत मोठा अभ्यास अमेरिकेतील ‘स्टार-डी’. त्याचे निष्कर्ष २००६ मध्ये आले. सुमारे चार हजार रुग्णांना आधी सिटालोप्रॅम दिले गेले. ज्यांना गुण आला नाही, ते दुसऱ्या, तिसऱ्या, चौथ्या पायरीवर गेले. लक्षणे जवळपास पूर्ण जाण्याचे प्रमाण पहिल्या पायरीवर सुमारे ३७ टक्के, दुसरीवर ३१, तिसरीवर १४ आणि चौथीवर १३ टक्के होते. मधेच कोणी सोडून गेले नसते, तर चार पायऱ्यांत मिळून ६७ टक्के बरे झाले असते, असा हिशेब तेव्हा मांडला गेला. माणसे तर सोडून गेलीच होती. मूळ आराखड्याचे निकष लावून २०२३ मध्ये त्याच माहितीची फेरमांडणी झाली, तेव्हा हा आकडा ३५ टक्क्यांवर आला. त्यावर वाद आहेत. तरी दोन गोष्टी हाती लागतात. पहिले औषध लागू पडले नाही म्हणून दुसरे लागू पडणार नाही, असे नाही. आणि दोन औषधे योग्य मात्रेत घेऊनही फरक नसेल, तर त्याच वाटेवर तिसरी-चौथी गोळी शोधत राहण्यापेक्षा निदान आणि उपचार दोन्ही मुळातून तपासायला हवेत. पायऱ्या वाढतात, तसा आजार उलटण्याचा धोकाही वाढलेला त्या अभ्यासात दिसला.

दुकानात दिसणारे बदल यातले नसत. पहिल्या डॉक्टरांची गोळी तीन आठवड्यांत सोडलेली, दुसऱ्या डॉक्टरांनी नवी दिलेली, तीही महिन्याभरात बंद. असा रुग्ण तिसऱ्या डॉक्टरांकडे जाऊन ‘मला दोन औषधे लागू पडली नाहीत’ असे सांगतो. वास्तविक त्याने एकही औषध पुरते घेतलेले नसते. तारखा आणि मात्रा लिहिलेल्या नसल्या, तर हा फरक तिसऱ्या डॉक्टरांना कळणार तरी कसा?

गोव्याने दाखवलेली गोष्ट

या बाबतीत आपल्या शेजारच्या गोव्यात मोलाचे काम झाले आहे. डॉ. विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी गोव्यातील दोन जिल्हा रुग्णालयांत ४५० रुग्णांवर केलेला अभ्यास २००३ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आला. फ्लुओक्सेटिन घेणाऱ्यांची प्रकृती दोन महिन्यांनी नकली गोळी घेणाऱ्यांपेक्षा स्पष्टपणे सुधारली होती. सहा महिन्यांनंतर आणि वर्षअखेरीस मात्र हा फरक उरला नाही. पहिल्या दोन महिन्यांचा फायदा पुढे टिकवायचा, तर नुसती गोळी पुरत नाही, असा बोध मी त्यातून घेतला.

पुढचा प्रयोग ‘मानस’ या नावाचा, २०१० साली प्रसिद्ध झालेला. त्यात प्राथमिक आरोग्य केंद्रांत स्थानिक, डॉक्टर नसलेल्या समुपदेशकांना प्रशिक्षण देऊन नेमले होते. त्या आजार समजावून सांगत, औषध लागणाऱ्यांनी ते घेत राहावे म्हणून पाठपुरावा करत. जिथे हा पाठपुरावा होता, त्या सरकारी केंद्रांतले सुमारे ६६ टक्के रुग्ण सहा महिन्यांनी बरे झाले होते. जिथे तो नव्हता, तिथे ४२ टक्के. खासगी दवाखान्यांत असा फरक आढळला नाही. २०१७ मध्ये आलेल्या तिसऱ्या अभ्यासात अशाच समुपदेशकांनी सहा ते आठ बैठकांत रुग्णांना दैनंदिन कामांकडे पुन्हा वळवले. तीन महिन्यांनी ६४ टक्के रुग्णांची लक्षणे गेली होती. नेहमीचा उपचार घेणाऱ्यांत हे प्रमाण ३९ टक्के होते.

महाराष्ट्रात अमरावती जिल्ह्यातील तीस गावांत ‘विश्राम’ हा कार्यक्रम झाला. नैराश्य असलेल्यांपैकी उपचारासाठी कुणाशी तरी संपर्क साधणाऱ्यांचे प्रमाण तिथे ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेले. २०१५-१६च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणानुसार देशात नैराश्याच्या सुमारे ८५ टक्के रुग्णांपर्यंत उपचार पोहोचतच नाहीत, हे लक्षात घेतले की या वाढीचे मोल कळते. गावातले माणूस घरी येऊन विचारते, तेव्हा उपचार सुरूही होतात आणि टिकतातही.

बरे वाटू लागल्यावर

बरे वाटले आणि गोळी थांबवली, ही सर्वांत नेहमीची आणि सर्वांत समजण्यासारखी गोष्ट. पण लक्षणे जाणे आणि आजार ओसरणे यांत काही महिन्यांचे अंतर असते. म्हणून बरे वाटल्यानंतरही ९ ते १२ महिने औषध चालू ठेवावे, असे जागतिक आरोग्य संघटनेचे मार्गदर्शन आहे. काही देशांत किमान सहा महिने सांगतात. आजार दोन-तीनदा उलटला असेल, तर दोन वर्षे किंवा त्याहून अधिक काळाचा सल्ला मिळतो.

मग वर्षानुवर्षे बरे असलेल्यांनी काय करावे? ब्रिटनमधील ‘अँटलर’ हा २०२१ सालचा अभ्यास याच प्रश्नावर होता. दीर्घकाळ औषध घेणाऱ्या आणि आता थांबवावे असे वाटण्याइतके बरे असलेल्या ४७८ जणांपैकी निम्म्यांचे औषध चालू ठेवले, निम्म्यांचे हळूहळू थांबवले. वर्षभरात चालू ठेवणाऱ्यांपैकी ३९ टक्क्यांना आणि थांबवणाऱ्यांपैकी ५६ टक्क्यांना आजार उलटला. औषधाने संरक्षण मिळते, पण ते पूर्ण नसते. दुसरीकडे, औषध थांबवूनही ४४ टक्के माणसे वर्षभर ठीक राहिली. आपण कोणत्या गटात बसू, हे आधी सांगता येत नाही. म्हणून थांबवण्याचा निर्णय डॉक्टर, रुग्ण आणि घरचे यांनी मिळून घ्यावा. परीक्षा, लग्नकार्य, घरातले आजारपण अशा धामधुमीच्या काळात तो घेऊ नये.

उतरणीची रीत

गोळी एकाएकी बंद केली की चक्कर, मळमळ, चिडचिड, रडू येणे, विचित्र स्वप्ने असा त्रास होऊ शकतो. ‘ताई, मान वळवली की डोक्यात करंट बसतो’ हे वाक्य मी दुकानात एकाहून अधिक लोकांच्या तोंडून ऐकले आहे. हे औषध थांबल्याचे लक्षण आहे. घरी त्याचा अर्थ लावला जातो तो ‘आजार परत आला’ किंवा ‘व्यसन लागले’ असा. फरक ओळखायला काळ उपयोगी पडतो. थांबवल्याचा त्रास बहुधा काही दिवसांतच सुरू होतो, त्यात पूर्वी नसलेली शारीरिक लक्षणे असतात आणि औषध पुन्हा घेतले की तो लवकर शमतो. आजार उलटतो तो सहसा आठवड्यांनी किंवा महिन्यांनी, हळूहळू आणि जुन्याच रूपात. व्यसनात असते तशी अधिकाधिक मात्रेची ओढ या औषधांत नसते. शरीराला सवय मात्र झालेली असते.

असा त्रास सर्वांनाच होत नाही. २०२४ मधील एका मोठ्या आढाव्यानुसार औषधामुळेच होणारा असा त्रास साधारण सहा-सात जणांत एकाला होतो आणि तीव्र स्वरूपात शंभरात सुमारे तिघांना. फ्लुओक्सेटिन शरीरातून जायला आठवडे लागतात, म्हणून ते सौम्यपणे उतरते. व्हेन्लाफॅक्सिन आणि पॅरॉक्सेटिन लवकर निघून जातात, त्यामुळे एखाद-दुसरा दिवस चुकला तरी जाणवते.

मात्रा उतरवण्यात आणखी एक खुबी आहे. २०१९ मध्ये मार्क होरोविट्झ आणि डेव्हिड टेलर यांनी ती आकड्यांनिशी मांडली. सिटालोप्रॅमची २० मिलिग्रॅमची मात्रा मेंदूतील सेरोटोनिन वाहून नेणाऱ्या प्रथिनांपैकी सुमारे ८० टक्के व्यापते. मात्रा दुप्पट केली, तरी हे प्रमाण थोडेसेच वाढते. उलट, अवघ्या पाच मिलिग्रॅमलाही ते साठ टक्क्यांच्या आसपास असते. म्हणजे ४० वरून २० वर येणे ही छोटी पायरी आहे आणि ५ वरून शून्यावर येणे ही मोठी उडी. ‘आता अगदी लहान गोळी उरली, टाकून द्या’ असे वाटते, तिथेच सर्वांत सावकाश जायचे असते. दिवसाआड गोळी घेण्याची रीत मात्र बहुतेक औषधांना मानवत नाही, कारण शरीरातले प्रमाण रोज वरखाली होते.

आयुष्याची वळणे

कधी मन स्थिर असूनही औषध बदलावे लागते. गरोदरपणात घाबरून गोळी एकाएकी थांबवणे धोक्याचे असते. पॅरॉक्सेटिन शक्यतो टाळतात, स्तनपानाच्या काळात सर्ट्रालिनला पसंती मिळते. असा बदल शक्यतो गर्भधारणेआधीच ठरवावा. साठीनंतर या गोळ्यांनी रक्तातले सोडियम घटू शकते. म्हातारी व्यक्ती अचानक बरळू लागली, तर वयाला दोष देण्यापूर्वी ते तपासावे. सांधेदुखीच्या गोळ्यांसोबत पोटात रक्तस्राव होण्याचा धोका वाढतो. ट्रॅमाडॉलसारख्या वेदनाशामकाबरोबर सेरोटोनिन वाजवीपेक्षा वाढू शकते.

मुंबई परिसरात विशेष महत्त्वाची आहे ती क्षयरोगाची बाब. औषधांना दाद न देणाऱ्या क्षयरोगावर लिनेझोलिड वापरतात. ते काही अंशी जुन्या इप्रोनियाझिडसारखेच काम करते, म्हणून सेरोटोनिन वाढवणाऱ्या गोळीबरोबर त्याची गाठ पडली तर ताप, थरथर, गोंधळ अशी गंभीर अवस्था उद्भवू शकते. नेहमीच्या क्षयोपचारातले रिफॅम्पिसिन उलट सर्ट्रालिनसारख्या औषधांचे रक्तातले प्रमाण घटवते. क्षयाच्या केंद्रावर मनाची गोळी सांगायला माणसे लाजतात. ती लाज इथे जिवावर बेतू शकते.

वहीत काय लिहावे

राईतून ठाण्याच्या मनोरुग्णालयात जायचे, तर भाईंदरपर्यंत बस, पुढे घोडबंदर रस्ता, रांग, केस पेपर, परतीचा प्रवास. एका दिवसाची मजुरी जाते. म्हणून दोन भेटींमध्ये गोळ्या अर्ध्या होतात, दुकानात नसल्या तर दुसऱ्या कंपनीच्या घेतल्या जातात, शेजारणीच्या पाकिटातल्या उसन्या येतात. या बदलांची नोंद कोणीच ठेवत नाही. ती रुग्णाने आणि घरच्यांनी ठेवावी, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे.

साधी शंभरपानी वही पुरे. कंपनीच्या नावासोबत औषधाचे मूळ नाव लिहावे. ते पाकिटावर छापलेले असते. मात्रा, सुरू केल्याची तारीख, बदलाची तारीख आणि बदलाचे खरे कारण लिहावे. ‘पैसे नव्हते’, ‘नवऱ्याने फेकल्या’, ‘शरीरसंबंधात अडचण येऊ लागली’ हीदेखील वैद्यकीय माहितीच आहे. शेवटच्या कारणासाठी कित्येक जण न सांगता गोळी सोडतात. त्यावर मात्रा किंवा औषध बदलून मार्ग निघू शकतो, पण सांगितले तरच. चुकलेल्या गोळ्या आणि इतर आजारांची औषधेही त्याच पानावर यावीत. शक्य असेल तर दर पंधरवड्याला नऊ प्रश्नांची ‘पीएचक्यू’ प्रश्नावली भरावी. तिचे गुण शून्य ते सत्तावीस असतात. पाचाच्या खाली आले, तर लक्षणे जवळपास गेली असे मानतात. नववा प्रश्न जीव नकोसा वाटण्याविषयी आहे. त्याला ‘हो’ असे उत्तर आले, तर पंधरवड्याची वाट न पाहता डॉक्टरांना गाठावे, किंवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू असलेल्या ‘टेलि-मानस’च्या १४४१६ या विनाशुल्क क्रमांकावर फोन करावा. तिथे कोणत्याही वेळी बोलता येते.

वही असली की तिसऱ्या डॉक्टरांनाही पहिल्या दोन औषधांचे खरे काय झाले ते कळते. एखादे औषध तीन महिने पुऱ्या मात्रेत घेऊन निष्फळ ठरले असेल, तर ते पुन्हा द्यायला नको. तीन आठवड्यांत पैशाअभावी सुटले असेल, तर कदाचित तेच औषध पुन्हा सुरू करणे योग्य ठरेल. चिठ्ठीवर दोन्ही औषधे सारखीच दिसतात. फरक सांगणारी माहिती फक्त रुग्णाच्या घरात असते.